दुसरी वेलांटी

भिंगाची कड चाकावर धरलेली असताना फोन उचलायचा नाही हा नियम चष्म्याच्या दुकानात तिनेच केला होता, आणि तो तिनेच मोडला. फोन खांद्यात दाबून ती "हं" म्हणाली. पलीकडे एक तरुण, घाईतला आवाज. "नमस्कार, मी कॉलेजातून बोलतेय, खेळांची नवी शिक्षिका. तुम्ही त्या चारशे मीटरवाल्या ना? म्हणजे... आहात ना तुम्ही अजून?" "फोन तरी मीच उचललाय," ती म्हणाली. पोरगी ओशाळली, हसली, आणि ओशाळलेली माणसं बोलतात तशी भराभर बोलत सुटली. कॉलेज आपल्या नामवंत खेळाडूंचा आणि त्यांना घडवणाऱ्या शिक्षकांचा गौरव करणार होतं. छोटासाच कार्यक्रम, घरच्यासारखा. मास्तरांनाही बोलावलंय, वय झालंय पण येतो म्हणालेत. मास्तर, हा शब्द कानात शिरला आणि हाताखाली टक् झालं. भिंगाच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता. नवशिकी असताना एकदा असं झालं होतं, त्यानंतर नाही. "रिलेबद्दल काही सांगाल का?" पोरगी विचारत होती, "मास्तर म्हणाले, तुमची टीम फार सुंदर पळायची." ती टवक्याकडे बघत म्हणाली, "पळायची की. फायनलला पुढेच होतो. पण शेवटची पळून गेली." "पळून गेली?" "मोकळ्या हाताने. बॅटन राहिला माझ्याकडे." पोरगी खळखळून हसली, तीही हसली. सांगून सांगून गुळगुळीत झालेला विनोद होता तो. पाहुण्यांत, दुकानात, कुणी गुडघे दुखतात म्हणालं की त्यावर, असा कुठेही चालायचा. जिच्यावर तो होता तीही हसायची. निदान आजवर हसली होती.

ती शेवटची म्हणजे तिची नणंद. तेव्हा नणंद नव्हती, तेव्हा एकाच बाकावर बसणारी, हिच्याच डब्यातलं खाणारी, शेवटचा टप्पा पळते म्हणून 'शेपटी' म्हणून ओळखली जाणारी एक हडकुळी पोरगी होती. हिला सगळे 'भिंगरी' म्हणायचे. पुढे भिंगरी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागली तेव्हा शेपटीने आठवडाभर त्यावर हसून घेतलं होतं. शेपटीला मैदानावरून न्यायला तिचा दादा यायचा, सायकल कुंपणाला टेकवून उभा राहायचा, आणि बहिणीऐवजी भलतीकडेच बघायचा. पुढचं काय सांगायचं. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी लांब नोकरीला गेली, आणि नणंद वरच्या मजल्यावर राहायला आली ती तिचा नवरा वारल्यावरही तिथेच राहिली. इतकी वर्षं एका जिन्याने चढउतर केली दोघींनी. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण ती भांडणं भाजीच्या देठांवरची, पाण्याच्या मोटरवरची, सकाळी होऊन दुपारी विसरली जाणारी. एकच भांडण टिकलं, आणि ते एका वेलांटीचं होतं.

त्या दिवशी दुकानातून घरी चालत येताना तिचा अंगठा खिशातल्या टिचलेल्या भिंगाच्या कडेवरून फिरत राहिला. फेकून द्यायचं सोडून तिने ते बरोबर का घेतलं होतं कोण जाणे. सत्काराबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. ज्या कॉलेजाने त्यांना धड बॅटन दिला नाही, ज्या कॉलेजाने पुढे अर्धं मैदान मोटारी उभ्या करायला देऊन टाकलं, ते आता बोलावून काचेचा ठोकळा हातात ठेवणार. माणूस मेला की त्याला भिंतीवर टांगतात आणि जिवंत असला की खुर्चीवर बसवतात. फरक एवढाच, की खुर्चीवर बसलेल्याला भाषणं ऐकावी लागतात. असं सगळं मनातल्या मनात खरमरीत चाललेलं असताना कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानाच्या काचेत तिने स्वतःला पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण ताठ चालतो आहोत. खांदे मागे, हनुवटी वर, मास्तर ओरडून ओरडून सांगायचे तशी. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, अगदी उघडउघड, बरं वाटलं. चारशे मीटरला तीन वर्षं कुणी तिच्या पुढे गेलं नव्हतं. हे जगात कुणाला तरी आठवत होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? काहीच नाही. मग हा अंगठा त्या टवक्यावरून का हटत नाही?

बॅटन नव्हता म्हणून तर तो शब्द आला होता. कॉलेजाकडे जो एकुलता एक बॅटन होता तो मुलांच्या टीमने हरवला होता, आणि नवा येईपर्यंत मास्तरांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून एक लांब दांड्याची पितळी पळी उचलून आणली होती. त्या पळीवर चौघी शिकल्या. पहिली उजव्या हाताने द्यायची, दुसरी डाव्याने घ्यायची, मागे बघायचं नाही, मानसुद्धा वळवायची नाही. मागून हाक आली की हात मागे, तळवा उघडा, आणि त्या तळव्यात पळीचा दांडा चपकन बसला पाहिजे. सगळ्या टीमा "हात!" म्हणून ओरडतात. मास्तर म्हणाले, "सहा जणी एकदम 'हात' ओरडल्या की कुणाचा हात कुणासाठी निघतो ते त्यांनाच कळत नाही. आपला शब्द आपला पाहिजे. तुमच्या हातात काय आहे?" शेपटी म्हणाली, "पळी." "मग 'पळी' ओरडा!" मास्तर स्वतःवरच खूश झाले होते. पळीत पळणं आहे, म्हणाले. त्यातच धोका आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतर कुठल्याही भाषेत ही गोष्ट झालीच नसती. आणि फायनलच्या दिवशी, बॅटन नवा पण शब्द तोच, ती तिसऱ्या टप्प्याचं वळण संपवून येत असताना, छातीत विस्तव, कानात स्वतःचाच श्वास, पुढे शेपटी सुटलेली, तिची वेणी पाठीवर आपटत होती, हातभर अंतर राहिलं होतं आणि ती ओरडली. शेपटीचा हात मागे आला नाही. उलट ती जोरात पळाली. ही मागे, ती पुढे, हिच्या हातात बॅटन, पुढे बॅटन द्यायची हद्द संपवणारा पांढरा पट्टा, आणि तो पट्टा शेपटीने मोकळ्या हाताने ओलांडला. शिट्टी वाजली. बाद.

"तू 'पळ' म्हणालीस," शेपटी त्या दिवशी गवतावर बसून म्हणाली होती. "मला वाटलं मी कमी पडतेय, म्हणून मी पळाले." "मी 'पळी' म्हणाले," ती म्हणाली होती. "ळ ऐकू आला. पुढे काही नव्हतं." "होतं. दुसरी वेलांटी होती." तेव्हापासून ती वेलांटी दोघींच्या मधे आहे. आणि खरं सांगायचं, जे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आपण काय ओरडलो ते तिलाच ठाऊक नव्हतं. छातीत हवा नसताना ई कशी निघणार? ओठ ताणावे लागतात ई म्हणायला. आपण ओठ ताणले होते का? कधी कधी भिंग घासताना, एकटी असताना, ती चाकाच्या घरघरीत हळूच म्हणून बघायची. पळ. पळी. पळ. आणि दरवेळी तिला दोन्ही खरं वाटायचं.

घरी नवरा खिडकीशी बसून जुनं मासिक वाचत होता आणि सवयीने पेन्सिलीने चुका काढत होता. छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली त्याने. लोकांच्या वेलांट्या पहिलीच्या दुसऱ्या आणि दुसरीच्या पहिल्या करण्यात डोळे घालवले, आणि चष्मा मात्र दर वेळी बायकोकडून फुकट घेतला. बहीण आणि बायको यांच्या त्या भांडणात त्याने कधी तोंड घातलं नाही. "कागदावर आणा, मग बघू. बोललेल्या शब्दाला मी खूण करत नाही," एवढंच म्हणायचा. सत्काराचं ऐकून त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "तिला सांगितलंस?" "वर जाऊन सांगायचं काय, येईलच ती." आणि नणंद आलीच, हातात वाटीभर चिरलेली फळं घेऊन, दवाखान्यातला पांढरा कोट अजून अंगावरच. ती तपासणीसाठी रक्त घ्यायचं काम करायची. दिवसभर लोकांना "हात पुढे करा" म्हणायची, आणि घाबरणाऱ्यांना "मागे केलात तर मी मागून घेईन" अशी तंबी द्यायची.

"माझा सत्कार आहे," ती म्हणाली. आपल्या आवाजात एक चोरटेपणा आला आहे हे तिलाच ऐकू आलं. "कॉलेजात. चारशे मीटरचा. मास्तर पण येणार आहेत." नणंदेने वाटी टेबलावर ठेवली. "अरे वा! मास्तर अजून आहेत? मग जा की." "तू पण ये." "मी कशाला? मी काय जिंकलंय?" "तसं नाही गं..." "तसंच आहे. चारशे मीटर बरं असतं. एकटीनं पळायचं, एकटीनं पोचायचं. तिथे कुणाला काही द्यावं लागत नाही." मग गोड आवाजात, "फळं खा, वहिनी." रागावली की ती वहिनी म्हणायची. एरवी भिंगरे. नवऱ्याने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा मासिकात डोकं घातलं, शहाणा माणूस.

ती रात्री आडवी पडली तेव्हा तिला राग यायला हवा होता, आला नाही. आला तो एक जुना, ओळखीचा ओढा, पुढे चाललेल्या पाठीकडे बघण्याचा. शेपटीची पाठ तिला शेपटीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होती. चेहरा बदलला, गाल सुटले, केस पिकले; पाठ अजून तीच, डावा खांदा किंचित खाली. वरच्या मजल्यावर पावलं वाजत होती, नळ सुरू झाला, बंद झाला. या आवाजांवर ती गेली कित्येक वर्षं झोपी जात होती. मुलीच्या तापात, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, शेपटीचा नवरा गेला त्या महिन्यात, कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब दोघींनी कधी ठेवला नव्हता. दिलं होतं, घेतलं होतं, मागे न बघता. मग ती एकच गोष्ट का राहिली? बहुतेक बाकी सगळं पडलं नाही म्हणून. पडलं ते लक्षात राहतं. हा विचार तिला बरा वाटला, आणि त्या बरेपणातच ती झोपली.

कार्यक्रमाच्या दिवशी नणंद तयार होऊन जिन्यात उभी होती. "दादा म्हणाला म्हणून येतेय," असं तिने कुणी न विचारता सांगितलं. "मी काही म्हणालो नाही," दादा म्हणाला. "गप रे," नणंद म्हणाली, आणि तिघं निघाले.

कार्यक्रम व्यायामशाळेत होता. खेळाच्या रेघा आखलेली लाकडी जमीन, त्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सगळीकडे तोच घामाचा, रबराचा, जुन्या दोरांचा वास. हा वास तिला इतका आवडतो हे ती विसरली होती. कुणी तरी तिला बिल्ला लावला. पलीकडे एक जाडजूड पैलवान, एक पोहणारी बाई, एक बुद्धिबळवाला खाली बघत बसलेला, आणि त्यांच्यात, खुर्चीत बुडालेले, मास्तर. इतके छोटे झाले होते मास्तर. दोघी समोर जाऊन उभ्या राहिल्या तशी त्यांनी कानातलं यंत्र दाबलं, डोळे बारीक केले. "मास्तर, आम्ही. रिलेच्या." "भिंगरी," मास्तर म्हणाले. "आणि ही शेपूट." नणंदेचा चेहरा उजळला, लहान मुलासारखा उजळला. आणि तेवढ्यात हिच्या तोंडून ते निघालं, जे विचारायचं नाही असं हिने ठरवलं होतं. पट्ट्याच्या अगदी शेजारी मास्तरच उभे होते त्या दिवशी; ऐकलं असेल तर त्यांनीच. "मास्तर, फायनलला मी काय म्हणाले होते? 'पळ' का 'पळी'?" नणंदेने श्वास रोखला हे तिला न बघता कळलं. "कुठली फायनल?" मास्तर म्हणाले. "आपण बाद झालो ती." "बाद झालो होतो का?" त्यांनी डोकं हलवलं, मग एकदम आठवलं तसे पुढे झुकले. "ती पळी परत केलीत का? स्वयंपाकीणबाई माझ्या नावाने फार ओरडत होत्या." दोघी हसायला लागल्या, काय करणार? मास्तरही हसले. "बाकीच्या पोरी मागे बघायच्या," ते म्हणाले. "किती सांगा, बघायच्याच. तुम्ही दोघी नाही बघितलंत कधी. एकदाही नाही." आणि थकून मागे टेकले.

एवढंच. जन्मभर जपलेला खटला, आणि न्यायाधीशाला तो दाखल झाल्याचंही माहीत नव्हतं. तिला खट्टू व्हायला हवं होतं. उलट छातीतून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि खुर्चीवर बसताना तिने नणंदेच्या मांडीवर थाप मारली, आणि नणंद म्हणाली, "हळू, भिंगरे."

मग भाषणं झाली. प्राचार्य बोलले, खेळामुळे शिस्त येते म्हणाले आणि ठरलेल्या वेळेच्या दुप्पट बोलले. मास्तरांना दोघांनी धरून वर नेलं, त्यांनी काचेचा ठोकळा उलटा धरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैलवान झाला, पोहणारी झाली. निवेदन करणारे सर आवाजात तूप घालून बोलणाऱ्यांपैकी होते. साधं "या" म्हणायचं तरी त्यांना तीन विशेषणं लागायची. तिचं वर्णन सुरू झालं तशी ती पायऱ्या चढून वर गेली. वाऱ्याशी स्पर्धा करणारी, वगैरे. ठोकळा जड होता, थंड होता, प्राचार्यांचा हात ओला होता, फोटोवाला "इकडे, इकडे" म्हणत होता. आणि सर म्हणाले, "रिलेचंही विजेतेपद त्यांच्याच पदरात पडलं असतं! परंतु, खुद्द त्यांनीच आमच्या शिक्षिकेला सांगितलेला मजेशीर किस्सा असा, की शेवटची खेळाडू बॅटन न घेताच पळून गेली!" सगळी व्यायामशाळा हसली. तिचाच विनोद. तिच्याच तोंडचा, शब्दसुद्धा तिचेच. माइकमधून तो असा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं.

नणंद उठली. हसणाऱ्या माणसांच्या मधून, कुणाचे गुडघे ओलांडत, "जरा" म्हणत ती मधल्या वाटेत आली आणि दाराकडे चालायला लागली. भरभर नाही. मान ताठ. डावा खांदा किंचित खाली. खाली बसलेला नवरा बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खूण करण्यासारखं काही नव्हतं. "दोन शब्द," सर तिच्यापुढे माइक धरत म्हणाले. दोन शब्द तिच्याकडे होते. ते या माणसांसाठी नव्हते. तिने माइक हाताने बाजूला केला, जरा जोरातच, तो कर्कश किंचाळला, आणि ती पायऱ्या उतरली. शेवटची पायरी तिने गाळली. गुडघ्यात कळ उठली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आपण चालत नाही आहोत हे तिला लोकांच्या वळलेल्या तोंडांवरून कळलं. उजव्या हातात ठोकळा, पावलांखाली रंगवलेल्या रेघा मागे पडताहेत, एक, आणखी एक, छातीत तोच विस्तव, आता तो जुन्या भट्टीतला, धूर जास्त आणि आच कमी, पण तोच. पुढे ती पाठ. दार जवळ आलं होतं. दारापाशी जमिनीवर एक पांढरी रेघ होती, कसल्या खेळाची कोण जाणे. अंतर हातभर उरलं.

ती ओरडली.

काय ओरडली, वेलांटी तोंडातून सुटली की घशातच राहिली, तिला कळलं नाही. ओठ ताणले गेले होते का? लक्षात नाही. पण नणंदेने वळून पाहिलं नाही, ती थांबलीही नाही. चालता चालता तिचा डावा हात मागे आला, सरळ, तळवा वर, अंगठा बाहेर, मास्तरांनी शिकवला होता तसा, आणि उघडा राहिला. तिने ठोकळा त्या तळव्यात ठेवला. चपकन बसला. बोटं मिटली.

मागे कुणी तरी टाळ्या वाजवायला लागलं होतं. बहुतेक मास्तर, कारण टाळ्या अगदी हळू होत्या. दोघी रेघेवरून बाहेर पडल्या. व्हरांड्यात संध्याकाळचं ऊन होतं, मोटारी उभ्या होत्या, आणि मोटारींच्या पलीकडे उरलेलं अर्धं मैदान. नणंद थांबली. श्वास लागला होता दोघींना, एकीला पळून, एकीला न रडून. नणंदेने ठोकळा उन्हात धरला, त्यावरचं नाव वाचलं, पदराशी धरल्यासारखा तो पोटाशी धरला आणि परत दिला नाही.

"'पळ'च म्हणालीस," ती म्हणाली.

"मग हात कशाला मागे केलास?"

नणंदेने ठोकळा दुसऱ्या हातात घेतला. "तुझी सवय माहीत आहे ना," ती म्हणाली. "वेलांटी खातेस तू, भिंगरे. पहिल्यापासून."

"'पळी' म्हणाले मी."

"बरं," नणंद म्हणाली, आणि ठोकळा काखेत मारून मोटारींच्या मधून मैदानाकडे चालायला लागली, मागे न बघता.